नक्षीचा बिल्ला

कुणाच्या अंगरख्यावर सरकारी बिल्ला लटकलेला दिसला की मी तो हातात मागून घेतो आणि उलटा करतो. लोकांना वाटतं, म्हातारा नाव वाचतोय. नाव वाचायची मला हौस नाही. या वयात तर असल्या नावांविषयी माझं मत फारच वाईट झालं आहे. मी फक्त अक्षर कुणाच्या हातचं आहे ते बघतो. हल्ली सगळी यंत्रावर ठोकलेली अक्षरं असतात, एका उंचीची, एका खोलीची. मग मी बिल्ला परत देतो, छान आहे म्हणतो, आणि उरलेला दिवस माझा हरबाजींच्या आठवणीत वाया जातो.

हरबाजी अमरावतीचे सोनार. सोनार म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं त्यातलं त्यांच्या दुकानात काही नव्हतं. नथ नाही, पाटल्या नाहीत, गोठ-तोडे नाहीत. ते फक्त टाक करायचे. देवघरात ठेवायच्या त्या चांदीच्या लहान चकत्या, एखादीवर खंडोबा उठवलेला, एखादीवर भवानी. आणि घरातलं माणूस गेलं की त्याचाही टाक करून देवांत बसवायची तिकडं रीत आहे. हरबाजींकडं येणारे निम्मे लोक रडून आलेले असत. त्यामुळं त्यांच्या दुकानात कुणी मोठ्यानं बोलत नसे आणि घासाघीस तर कधीच करत नसे.

मी पुण्याकडचा. वऱ्हाड इंग्रजांकडं आल्यावर तिकडं कचेऱ्या उघडल्या, त्यात कारकुनी मिळाली म्हणून गेलेला. अक्षर चांगलं, एवढंच माझं भांडवल. हरबाजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. टाकाच्या पाठीवर ते गेलेल्याचं नाव कोरून देत. दुसरे सोनार देत नसत. ते नाव कागदावर कुणीतरी बालबोध अक्षरात लिहून द्यावं लागे, आणि मी कचेरीतून घरी जाताना त्यांच्या ओट्यावर टेकायला लागल्यापासून ते काम माझ्याकडं आलं. मी लिहायचो, ते त्यातलं वळण न् वळण चांदीवर उतरवायचे. माझ्यापेक्षा माझं अक्षर त्यांच्या हातून देखणं निघे, आणि ते त्यांना वाचता येत नसे.

नाव ते दोनदा विचारायचे. एकदा काम घेताना आणि एकदा पोलादी कलम चांदीला लावायच्या आधी. दुसऱ्यांदा विचारलं की दुःखातली माणसं चिडत. एक बाई तर म्हणाली, सोनारदादा, किती वेळा मारता आमच्या माणसाले. हरबाजींनी मान खाली घातली, पण विचारायचं सोडलं नाही.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. पटकीच्या साथीत एका घरातला धाकटा भाऊ गेला. निरोप घेऊन आलेला मामा रडून रडून भ्रमिष्टासारखा झालेला; त्यानं थोरल्याचं नाव लिहवून आणलं. हरबाजींनी पुन्हा न विचारता ते कोरलं. महिन्याच्या आत थोरलाही गेला. साथीचे दिवस होते, तो तसाही गेला असता, असं मी समजुतीचं बोललो. हरबाजी म्हणाले, “गेला असता. पण माह्या हातानं गेला.”

त्या वेळी वऱ्हाडात चांदीला ऊत आला होता. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. साध्या कास्तकारांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. असा एक गडी शेंब्या करून घ्यायला मोठ्या तोऱ्यात हरबाजींकडं आला. हरबाजींनी त्याला हाकललं नाही, ओट्यावरून उतरून त्याच्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, “याच्या मानेची सूज पाह्य आधी. शिंगाले काई नाई झालं त्याच्या.” तो गडी दुसऱ्या सोनाराकडं गेला.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, “चांदीले समजते.” कुणी भेसळीची चांदी आणून शुद्ध म्हणून सांगितली तरी हेच, आणि कुणी बापाला जन्मभर उपाशी ठेवून मेल्यावर मोठा टाक सांगितला तरी हेच. आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही. चांदीले समजते म्हणायचं आणि फुंकणी तोंडाला लावायची.

तर या धामधुमीत सरकारच्या मनात आलं की अकोल्याला शेतमालाचं आणि कारागिरीचं प्रदर्शन भरवावं. उत्तम कापूस, उत्तम बैल, उत्तम तिफण, उत्तम सतरंजी, प्रत्येकाला चांदीचा बिल्ला. आणि शेवटचा एक बिल्ला आमच्या कचेरीच्या गोऱ्या साहेबाच्या खास आवडीचा: उत्तम नव्या नक्षीला. कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं काढलेली, कुठून न उचललेली नक्षी. बिल्ले मुंबईहून वेळेत येईनात, तेव्हा कचेरीच्या मुख्य कारकुनांनी, शिरस्तेदारांनी, मला विचारलं आणि मी हरबाजींचं नाव सांगितलं. त्यांना या भानगडीत मीच ओढलं, हे आधी सांगून टाकतो.

साहेबानं एका पुस्तकातलं कपाशीचं चित्र दिलं होतं. ते मी दुकानात नेलं. हरबाजींनी कागद जवळ धरला, लांब धरला.

“हे बोंड आमचं नोहे,” ते म्हणाले. “हे वर पाह्यते. आमचं बोंड फुटलं का खाली पाह्यते.”

मी त्या मुलखात इतकी वर्षं राहून हे पाहिलं नव्हतं. हरबाजी दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर गेले आणि कपाशीचं एक अख्खं झाड, पराटी, मुळासकट उपटून घेऊन आले. आठ दिवस ती दुकानात टांगलेली होती. ते तिच्याकडं बघत आणि काशाच्या गोट्यात ठसा उलटा कोरत. त्यांच्या धंद्यात कागद नसतोच. नक्षी डोक्यातून थेट ठशात, तीही उलटी. नवव्या दिवशी त्यांनी ठशावर मेण दाबून माझ्या हातात ठेवलं. खाली मान घातलेलं बोंड, तीन पाकळ्या उकललेल्या, एक अजून मिटलेली. कापूस असा सुटलेला की बोट लावावंसं वाटावं. आणि मागच्या पानाला एक बारीक भोक.

भोक कशाला, म्हणून मी विचारलं. म्हणाले, “भोक नसलेलं पराटीचं पान दाखवा मले.”

साहेबानं मेणाचा तो ठसा पाहिला आणि पुस्तकातलं चित्र बाजूला सारलं. त्यानं हरबाजींना बोलावून घेतलं आणि माझ्या तोंडून सांगितलं की अशी नक्षी त्यानं या मुलखात पाहिली नाही, आणि नक्षीच्या बिल्ल्याला हीच नक्षी लायक आहे. हे मी माझ्या तोंडानं मराठीत सांगितलं. बाहेर आल्यावर हरबाजी पायरीवर थांबले आणि पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं.

अडचण आली ती नावांची. बिल्ल्याच्या पाठीवर मिळवणाऱ्याचं नाव हवं, असा हुकूम. हरबाजी सरळ नाही म्हणाले. चांदीवर नाव मेलेल्याचं कोरतात, जित्याचं नाही. मी शिरस्तेदारांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, तुमच्या सोनाराला सांगा, सरकारी बिल्ला म्हणजे टाक नव्हे. हरबाजींना चांदीच्या दोन चकत्यांत फरक दिसत नव्हता. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. नाव कोरतो, पण अक्षरांच्या डोक्यावरची रेघ मारत नाही. रेघ मारली की नाव बंद झालं. जित्या माणसाचं नाव उघडं राहू द्या.

घरी त्यांच्या बायकोला, गिरजाबाईंना, तेवढंही पटलं नव्हतं. मी ओट्यावर असताना त्या आतून म्हणाल्या, दुसऱ्याईचं एक वेळ कोरा, सोताचं नका कोरू. म्हणजे नक्षीचा बिल्ला कुणाला मिळणार हे त्या घरात ठरलं होतं. कसं ठरू नये? मीच तर सांगून आलो होतो.

मधल्या काळात जे घडलं ते अगदी साधं होतं. असल्या गोष्टी साध्याच असतात, म्हणून तर त्या करता येतात. नक्षीच्या बिल्ल्यासाठी वरून नियम आला की नक्षी कागदावर, मापांसह, काढणाऱ्याच्या सहीनं आली पाहिजे. हरबाजींकडं कागद नव्हता. पण बिल्ल्याचा नमुना वरच्या कचेरीला कळवायचा म्हणून बांधकाम खात्यातल्या नकाशेवाल्याला, रामचंद्ररावांना, ठशावरून चित्र काढायला सांगितलं होतं. मुंबईला शिकलेला, हुशार, सज्जन माणूस. त्यानं बोंड हुबेहूब उतरवलं, पानाचं भोकही सोडलं नाही. खाली सवयीनं सही केली. अकोल्याला तिघे परीक्षक बसले. त्यांच्यापुढं कागद आले, त्यांत कचेरीतून हाही सहीचा कागद गेला होता, आणि तोच सगळ्यांत सरस होता. साहेब त्या वेळी दौऱ्यावर होता; परत आला तेव्हा निकाल वर जाऊन मंजूर झाला होता. मंजूर झालेला कागद फिरवण्याइतकी त्याला नक्षी आवडली नव्हती.

मी शिरस्तेदारांकडं गेलो. एकदाच गेलो. ते म्हणाले, “सोनारानं केलं ते काम. नक्षी कागदावर असते.” मी म्हणालो, निदान हरबाजींना सांगतो. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. नावं त्यालाच कोरायची आहेत, आधी सांगाल आणि काम अडलं तर जबाब कोण देणार, तुम्ही? त्या सालात माझं बढतीचं प्रकरण त्यांच्याच मेजावर होतं. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही. कबुली द्यायला समोर ऐकणारा लागतो. मी नावांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर बिल्ल्याचं एक चिन्ह काढलं, बैलाला शिंगं, सतरंजीला पट्टे, आणि दुकानात नेऊन दिल्या.

हरबाजींनी प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन नाव विचारलं. मी सांगत गेलो. ते चिन्ह पाहून चिठ्ठ्या ओळीनं लावत गेले. शेवटची उरली, तिच्यावर बोंड काढलेलं.

“हे नक्षीचं ना?”

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी नाव विचारलं नाही. चिठ्ठी कपाळाला लावली आणि इतरांपासून वेगळी, टांगलेल्या पराटीखाली ठेवली.

बाकीची नावं कोरायच्या आधी त्यांनी रिवाजाप्रमाणं मला दुसऱ्यांदा विचारली. त्या एका चिठ्ठीचं दुसऱ्यांदाही विचारलं नाही. ती अक्षरं त्यांनी सर्वांत शेवटी कोरली. इतर नावांना एकेक दुपार लागली होती, या नावाला तीन लागल्या. मी ते काम नंतर पाहिलं आहे. रामचंद्ररावांच्या नावाइतकं सुंदर नाव मी कुठल्याही धातूवर पाहिलं नाही.

अकोल्याला आम्ही बैलगाड्यांनी गेलो. मी कचेरीच्या गाडीत बिल्ल्यांची पेटी घेऊन, मागच्या गाडीत हरबाजी आणि गिरजाबाई. बाईंनी ठेवणीतलं लुगडं गाठोड्यात घेतलं होतं. तीन दिवसांचा रस्ता. मुक्कामाला बाई भाकरी करत आणि पहिली मला वाढत. हरबाजी वाटेत दोन्ही बाजूंची शेतं बघत चालले होते. मधेच एखादं बोंड तोडून आणून मला दाखवत, पाहा, खालीच पाहतं की नाही. त्या तीन दिवसांत सांगायची संधी मला किती वेळा आली असेल! मूर्तिजापूरच्या अलीकडं एका विहिरीवर आम्ही दोघंच होतो. हरबाजींनी पोहरा ओढला, माझ्या ओंजळीत पाणी ओतलं आणि विचारलं, तब्येत बरी नाही का पंत, बोलत नाही काही. मी म्हणालो, उन्हाचं होतं असं. नेभळट म्हणतात तो माणूस मी त्या विहिरीवर पुरा झालो.

प्रदर्शनाचा मांडव मोठा होता. बिल्ले वाटायला सुरुवात झाली. नाव पुकारलं की माणूस पुढं जायचा. नक्षीची पाळी आली तेव्हा आधी एका परीक्षकानं चार शब्द सांगितले आणि दुभाष्यानं ते मराठीत म्हटले: की या कलाकाराची नजर इतकी बारीक, की पानाला पडलेलं कीटकाचं भोकदेखील तिच्यातून सुटलं नाही. ते ऐकताना हरबाजी हळूच उठून उभे राहिले होते. मग रामचंद्ररावांचं नाव पुकारलं गेलं.

हरबाजी उभेच राहिले. मागच्यांनी बसा बसा म्हटलं, तेव्हा गिरजाबाईंनी त्यांच्या धोतराचा सोगा धरून त्यांना खाली बसवलं. रामचंद्ररावांनी बिल्ला घेतला. घेताना त्यांचा चेहरा काही आनंदी नव्हता, पण घेतला. नको म्हणायला त्यांना तरी कुठं जमलं, आणि मी त्यांना नावं ठेवणारा कोण?

संध्याकाळी हरबाजी माझ्या राहुटीपाशी आले. भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर मी आयुष्यभर थोडा बरा झोपलो असतो. ते म्हणाले, “मेलेल्याचं नाव मी दोनदा इचारतो. ह्या खेपेले एकदाबी नाई इचारलं. सोताचं नाव कोणी इचारते का?”

मी म्हणालो, हरबाजी, मी सांगायला हवं होतं.

“चांदीले समजलं असन, पंत. कलम सरकत नवतं त्या नावावर. मले वाटलं माहा हात भरून आला.”

एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी ते आणि बाई आमच्या गाड्यांची वाट न पाहता निघून गेले.

पुढं तिवशाकडची एक म्हातारी त्यांच्याकडं बिल्ला घेऊन आली, हे मला कचेरीत कळलं. तिच्या लेकाला कापसाचा बिल्ला मिळाला होता. घरच्यांनी तो देवांत ठेवला, आणि पाठीवर जित्या लेकाचं नाव आहे हे कुणीतरी वाचून दाखवल्यावर म्हातारीनं अन्न सोडलं. हरबाजींनी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. पाह्य माय, डोक्यावर रेघ नाही, तुहं लेकरू उघडं हाय, बंद नाही झालं. म्हातारी त्यांच्याच ओट्यावर जेवली. ज्या तोडीला शिरस्तेदार हसले होते तिचा असा उपयोग झाला.

माझी बढती झाली. अकोल्यालाच नेमणूक मिळाली, म्हणजे रोज त्या मांडवाच्या जागेवरून कचेरीत जाणं आलं. रामचंद्रराव पुढं मोठ्या हुद्द्यावर गेले. त्यांनी तो बिल्ला कधी अंगावर लावलेला मला दिसला नाही. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव पडला, आणि शिंगांच्या शेंब्या उतरून बाजारात आल्या. अमरावतीला मी काही वर्षं गेलोच नाही. काम नव्हतं असं सांगत असे.

शेवटी एकदा जावं लागलं, तेव्हा हरबाजींच्या दुकानावरून जायचं टाळता आलं नाही. ते ओट्यावर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. दुकानात भट्टी नव्हती, ऐरण नव्हती. गिरजाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे शेजाऱ्यानं मला आधीच सांगितलं होतं. मी नाव सांगितलं नाही, फक्त खाकरलो, तर म्हणाले, “या पंत. बसा.”

बसलो. मग त्यांनी कनवटीचं एक फडकं सोडलं. आत एक चकती होती. तेच बोंड, मान खाली घातलेलं. त्याच ठशातून काढलेलं. पाठ कोरी. सरकारचं काम सुरू करताना पहिला नमुना म्हणून काढला होता, म्हणाले, चांदी घरची होती. अंगठ्यानं त्यांनी पानाचं भोक शोधलं आणि अंगठा तिथंच ठेवला.

“हा माहा टाक. नाव लेहून द्या. मी गेल्यावर कोरतीन कोणी.”

कागद आणि दौत माझ्या पिशवीत होतीच, कारकुनाच्या असायचीच. मी लिहायला घेतलं. पहिला कागद शाई सांडून फुकट गेला. त्यांना दिसत नव्हतं, दिसलं असतं तरी वाचता आलं नसतं. मी तिथं काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं, आणि हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

“रेघ मारा,” ते म्हणाले. “डोक्यावर.”

मी अक्षरांवर सरळ रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत थांबलो आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, डोळ्यांशी नेला, उगीचच.

“माहं नाव ना हे?”

“हो.”

त्यांनी कागदाची चौघडी केली, चकतीखाली ठेवली, फडक्याच्या दोन गाठी मारल्या. मग गाठींवर हात ठेवून माझ्या बाजूला तोंड केलं आणि दुसऱ्यांदा विचारलं.